भरपाई बुडते कुठे?

युक्रेनच्या युद्धभरपाईचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा दोन मिनिटांत दोन ठरलेल्या जागी जाऊन बसते. एक बाजू म्हणते, ज्याने घर जाळलं त्याने ते बांधून द्यावं, यात बोलायचं काय? दुसरी बाजू लगेच व्हर्सायचा तह काढते: १९१९ साली जर्मनीला पिळलं, त्यातून हिटलर उभा राहिला, तेव्हा भरपाईचं नावच नको. दोघेही आवाज चढवून बोलतात आणि एका गोष्टीवर मात्र नकळत एकमत करून बसतात, की हा दोन देशांमधला हिशेब आहे. एक घेणेकरी, एक देणेकरी, मध्ये टेबल. माझ्या मते चर्चेची गाडी इथेच घसरते. भरपाईच्या वाटाघाटी त्या टेबलावर फारशा मोडत नाहीत. त्या मोडतात घेणेकऱ्याच्या घरात, देणेकऱ्याच्या घरात, आणि बरेचदा दोन्हीकडे एकदमच. आणि यावर जो शहाणपणाचा उपाय म्हणून सांगितला जातो, की लोकांना कळू न देता मुत्सद्द्यांनी आपसात मिटवून टाकावं, तो तर रोगापेक्षा वाईट आहे.

हे समजायला आपल्याला पॅरिसपर्यंत जायचीही गरज नाही, जामखेड तालुक्यापर्यंत गेलं तरी पुरे. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला मराठ्यांनी निजामाला हरवलं. तहात ३ कोटी रुपये ठरले, दौलताबादसह मोठा मुलूख ठरला, आणि निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क पुण्याच्या ताब्यात आला. शाळेत आम्हाला इथपर्यंतच शिकवलं. पुढचं शिकवलं नाही. ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्यात पडून गेले आणि गादीचं भांडण सुरू झालं: बाजीराव की चिमाजी, दौलतराव शिंदे कोणाकडे, परशुरामभाऊ कोणाकडे. नाना फडणीसांना पुणं सोडून महाड गाठावं लागलं. दीड वर्षापूर्वी हरलेला निजाम आता प्रत्येक गटाला आपल्या बाजूला हवा होता. ओलीस म्हणून आणलेल्या मुशीरुल्मुल्काला मोकळं करण्यात आलं आणि त्याच्याच मध्यस्थीने १७९६ साली महाडला करार झाला. खर्ड्याला मिळालेला मुलूख परत करायचा, राहिलेली रक्कम सोडायची, आणि त्या बदल्यात निजामाने नानांच्या बेताला पाठिंबा द्यायचा. निजामाने गोळी झाडली नाही, की तह मोडला नाही. पुण्यानेच आपली वसुली पुण्यातल्या खुर्चीसाठी विकली. नानांना दोष देणं सोपं आहे. त्यांच्या जागी असलेल्या माणसाला दुसरं काय करता आलं असतं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. पण ३ कोटी गेले ते घरात गेले, एवढं खरं.

आता व्हर्साय. भरपाई नकोच म्हणणाऱ्यांचं हे आवडतं उदाहरण आहे, आणि ते नेहमी अर्धंच सांगितलं जातं. नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध थांबलं आणि १४ डिसेंबरला ब्रिटनमध्ये मतदान झालं. म्हणजे दारात अजून मृत्यूच्या तारा येत असताना उमेदवार मतं मागत होते. मंत्री एरिक गेडीस यांनी सभेत सांगितलं की जर्मनीला लिंबासारखं पिळू, अगदी बिया करकरेपर्यंत. पंतप्रधान लॉईड जॉर्ज यांच्या हाताशी दोन आकडे होते. ट्रेझरीतल्या, म्हणजे अर्थखात्यातल्या, केन्ससारख्या अधिकाऱ्यांचा अंदाज सुमारे २ अब्ज पौंडांच्या आसपास घुटमळत होता. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान ह्यूज यांच्या समितीने २४ अब्ज सांगितले. बारा पटींचा फरक! निवडणुकीत कुठला आकडा चालला हे सांगायला नको. सरकार प्रचंड बहुमताने आलं आणि आपल्याच आश्वासनात अडकलं. एप्रिल १९१९ मध्ये पॅरिसमध्ये लॉईड जॉर्ज जरा नरमतायत असा वास येताच दोनशेहून अधिक खासदारांनी त्यांना तार ठोकली: मतदारांना दिलेला शब्द पाळा.

इथे लॉईड जॉर्ज यांची बाजू प्रामाणिकपणे मांडायला हवी, कारण ती कच्ची नाही. साडेसात लाखांच्या आसपास ब्रिटिश सैनिक मेले होते. अशा वेळी खरा आकडा सांगणारा नेता निवडून आला असता का? न आलेला नेता कुठला तह करणार? म्हणून त्यांनी युक्ती केली. तहात आकडाच घातला नाही. एका आयोगाने तो १ मे १९२१ पर्यंत ठरवावा, तोवर लोकांची डोकी थंड होतील. बोलाचालीत आपणही हेच करतो. सोयरीक मोडताना देण्याघेण्याचा विषय दिवाळीनंतर काढू म्हणतो. पण देशांच्या बाबतीत या उशिराची किंमत दुसऱ्याच्या घरात चुकती झाली. जर्मनीच्या प्रतिनिधींना २८ जून १९१९ रोजी रक्कम न लिहिलेल्या हुंडीवर सही करावी लागली. ज्या लोकशाही सरकारने ती सही केली त्याच्या कपाळावर पहिल्याच दिवशी डाग लागला.

आणि ते कुप्रसिद्ध २३१वं कलम. जर्मनी आणि तिच्या मित्रांच्या आक्रमणातून झालेल्या सगळ्या नुकसानीची जबाबदारी जर्मनीवर आहे, असं सांगणारं. हे कलम जर्मनीला हिणवण्यासाठी लिहिलेलं नव्हतं, हे वाचून आजही अनेकांना धक्का बसतो. ते लिहिण्यात जॉन फॉस्टर डलेस या तरुण अमेरिकन वकिलाचा मोठा हात होता, आणि त्यामागची कल्पना अशी: २३१मध्ये तत्त्वतः सगळी जबाबदारी घालायची, म्हणजे लंडन-पॅरिसचे मतदार खूश, लगेच खाली २३२मध्ये जर्मनीची ऐपत तेवढी नाही हे कबूल करून खरी देणी मर्यादित करायची. एक कलम घरच्यांसाठी, एक हिशेबासाठी. पण मतदारांना वाचून दाखवायला लिहिलेलं वाक्य फक्त आपलेच मतदार वाचतील याची हमी कोण देणार? बर्लिनने २३१ वाचलं, २३२ सोडून दिलं, आणि पुढची वीस वर्षं तिथल्या प्रत्येक व्यासपीठावर ते एकच कलम गाजत राहिलं.

१९२१ साली आयोगाने आकडा काढला तोही असाच. १३२ अब्ज सुवर्ण मार्क. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, याचं इतकं शुद्ध उदाहरण राजकीय इतिहासात विरळा. रक्कम तीन प्रकारच्या रोख्यांत विभागली होती. पहिल्या दोन प्रकारांचे मिळून ५० अब्ज, हे खायचे दात. तिसऱ्या प्रकारचे ८२ अब्ज हे कधी वसूल होतील असं ते ठरवणाऱ्यांपैकी जाणत्यांनाही वाटत नव्हतं. ते फ्रान्स, बेल्जियम आणि ब्रिटनच्या वर्तमानपत्रांसाठी होते. गंमत अशी की जर्मनीतल्या राष्ट्रवाद्यांनाही ५०पेक्षा १३२च हवा होता. आपल्याला लुटलं जातंय हे सांगायला मोठा आकडा बरा पडतो. म्हणजे दोन्ही देशांतल्या कडव्यांनी मिळून एक खोटा आकडा डोक्यावर घेतला, आणि मधल्या मध्ये ‘शक्य तेवढं भरू, म्हणजे शक्य किती हे जगाला दिसेल’ असं म्हणणारे जर्मन मंत्री देशद्रोही ठरले. तहाआधीच्या शस्त्रसंधीवर सही करणारे एर्झबर्गर ऑगस्ट १९२१ मध्ये मारले गेले. परराष्ट्रमंत्री राथेनाऊ २४ जून १९२२ रोजी बर्लिनमध्ये उघड्या मोटारीतून कचेरीत जाताना मारले गेले. सहा महिन्यांनी पंतप्रधान पॉइंकारे यांच्या फ्रान्सने जर्मनीतल्या रूरच्या कोळसा खाणीत फौज घातली, जर्मन सरकारने संपावरच्या कामगारांना नोटा छापून पगार दिले, आणि मार्क मातीमोल झाल्याचं पुढचं पुराण सगळ्यांना पाठ आहे.

यावर अर्थशास्त्र जाणणारा वाचक हरकत घेईल: हे सगळं राजकारण बाजूला ठेवा, बोजाच अशक्य होता. मला ही हरकत मान्य नाही, निदान पूर्ण नाही. १८७१ साली फ्रान्स प्रशियाकडून हरला तेव्हा त्याच्यावर ५ अब्ज फ्रँकची रक्कम बसवली गेली. त्या काळच्या मानाने डोळे फिरवणारी. फ्रान्सने ती सप्टेंबर १८७३ मध्ये, मुदतीच्या आधी, फेडून टाकली. फ्रेंच दानशूर होते म्हणून नव्हे. तहाची रचना अशी होती की हप्ता भरला की जर्मन फौज ठरलेल्या जिल्ह्यांतून मागे हटे. म्हणजे प्रत्येक हप्ता घरच्या मतदाराला डोळ्यांनी दिसत होता: काल चौकात परका शिपाई उभा होता, आज नाही. सरकारी कर्जरोखे निघाले तेव्हा फ्रेंच लोकांनी आणि बाहेरच्यांनी हवे होते त्याच्या कित्येक पट पैसे देऊ केले. राष्ट्राध्यक्ष तिएर यांना भूमी सोडवणारा म्हणून मान मिळाला. (त्यांच्याच संसदेतल्या राजेशाहीवाद्यांनी त्यांना शेवटच्या हप्त्याआधी, मे १८७३ मध्ये, घालवलं, हेही घरचंच राजकारण, पण तोवर गाडी रुळावर होती.) व्हर्सायच्या जर्मनीने शेवटी एकूण सुमारे २० अब्ज मार्क भरले. ऐपत हा प्रश्न खराच, पण कर कोणावर लावायचा आणि तो लावणाऱ्या सरकारला कोण जिवंत ठेवणार, हे ठरल्याशिवाय ऐपत नावाची गोष्ट मोजताच येत नाही.

एवढं झाल्यावर कोणीतरी म्हणणारच: म्हणजे तुमचंच म्हणणं, लोकांना यात आणूच नये. मतदार भडकतात, नेते घाबरतात. मग एखाद्या खंबीर माणसाने दार लावून करार करून टाकावा. हा प्रयोग झालेला आहे. दक्षिण कोरियात, राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या हाताखाली. जपानशी बोलणी चालू असताना विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा ३ जून १९६४ रोजी सोलमध्ये मार्शल लॉ लावण्यात आला. पुढच्या वर्षी २२ जूनला करार झाला: ३० कोटी डॉलर अनुदान, २० कोटी डॉलर सवलतीचं कर्ज, आणि दोन्ही देशांतले व त्यांच्या नागरिकांचे सगळे दावे ‘पूर्णपणे आणि अंतिमतः’ मिटल्याचं वाक्य. जपानच्या खाणींत आणि कारखान्यांत राबवलेल्या कोरियन मजुरांना पैसे द्यायचे का, असा विषय बोलण्यांत निघाला होता. आमचं आम्ही बघू, असं कोरियन सरकारने सांगितलं होतं. ही कागदपत्रं लोकांसमोर यायला २००५ साल उजाडलं. आलेल्या पैशातून पोहांगचा पोलाद कारखाना उभा राहिला, रस्ते झाले, देश वर आला. मेलेल्या मजुरांच्या वारसांना सत्तरच्या दशकात प्रत्येकी ३ लाख वॉन मिळाले.

या कराराच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. १९६५चा कोरिया गरीब होता, पैसा वाटून खाल्ला असता तर पोहांग झालं नसतं, आणि आजच्या कोरियाची श्रीमंती बघता पार्क चुकले असं तोंड वर करून म्हणणं अवघड आहे. पण ‘अंतिमतः’ या शब्दाचं काय झालं? ३० ऑक्टोबर २०१८ रोजी कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने जपानी पोलाद कंपनीला चार मजुरांसाठी प्रत्येकी १० कोटी वॉन द्यायला सांगितलं. खटला चालू असतानाच त्यांतले तिघे वारले; निकाल ऐकायला एकटा उरला होता, नव्वदी ओलांडलेला. जुलै २०१९ मध्ये जपानने सेमीकंडक्टरला लागणाऱ्या तीन रसायनांच्या निर्यातीवर कडक नियम लावले आणि कोरियन दुकानांतून जपानी बिअर गायब झाली. त्याआधी डिसेंबर २०१५ मध्ये पार्क यांच्याच कन्येच्या सरकारने, जपानी लष्कराने लैंगिक गुलामीत ढकललेल्या स्त्रियांबाबत १ अब्ज येनचा ‘अंतिम आणि अपरिवर्तनीय’ करार केला होता. त्या म्हाताऱ्या बायांना आधी नीट विचारलंही नव्हतं. हयात असलेल्या ४७ जणींपैकी ३४ जणींनी पैसे घेतले, म्हणजे करार अगदीच टाकाऊ नव्हता. तरी पुढच्या सरकारने त्यासाठी काढलेली संस्था बंद केली. मार्च २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष युन यांनी तोडगा काढला की मजुरांना जपानी नव्हे, कोरियन कंपन्यांनी पैसे द्यावेत. पहिले पैसे कोणी दिले? पोहांगच्या त्याच पोलाद कंपनीने. पार्क यांनी १९६५ साली बंद दाराआड जे घेतलं होतं, ते ५८ वर्षांनी फिरून त्याच तिजोरीतून बाहेर आलं. घरातलं भांडण पार्क यांनी टाळलं नव्हतं, नातवंडांच्या नावावर लिहून ठेवलं होतं.

मग टिकलेलं एखादं उदाहरण आहे का? मला एकच भक्कम सापडतं, आणि त्याची सुरुवात दगडफेकीने होते. इस्रायलने मार्च १९५१ मध्ये जर्मनीकडून दीड अब्ज डॉलर मागितले. हिशेब साधा होता: ५ लाख निर्वासितांचं पुनर्वसन, माणशी ३,००० डॉलर, त्यातला १ अब्जाचा वाटा पश्चिम जर्मनीचा. डिसेंबरात पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर आणि ज्यू संघटनांचे नेते नाहूम गोल्डमन लंडनच्या क्लॅरिजेस हॉटेलात गुपचूप भेटले आणि हा आकडा बोलण्यांचा पाया म्हणून आडेनाउअर यांनी लिहून दिला. गुप्तता लागते, हे इथे मान्यच करायला हवं. ही भेट जाहीर झाली असती तर झालीच नसती. पण सही मात्र गुपचूप झाली नाही. ७ जानेवारी १९५२ रोजी जेरुसलेममध्ये पंतप्रधान बेन-गुरियन यांनी हा विषय संसदेत आणला, जर्मनीशी बोलायलाच परवानगी मागण्यासाठी. देशात अन्न रेशनवर होतं. काही फर्लांगांवरच्या चौकात उजव्या विरोधकांचे नेते मेनाखेम बेगिन यांनी भाषण केलं, रक्ताचे पैसे नकोत म्हणाले, आणि जमाव संसदेवर चालून आला. काचा फुटल्या, दगड सभागृहात येऊन पडले, बाहेरचा अश्रुधूर आत शिरला आणि सभासद डोळे चोळत वाद घालत राहिले. बेगिनना सुमारे तीन महिने निलंबित केलं. उजवे विरोधात, डावा मापाम पक्षही विरोधात. दोन दिवसांनी मतदान: ६१ विरुद्ध ५०.

तिकडे पश्चिम जर्मनीच्या राजधानीत, बॉनमध्येही फुलं उधळली जात नव्हती. अर्थमंत्री शेफर यांना तिजोरीची काळजी, वाटाघाटी करणारे कुस्टर यांनी सरकार हात आखडता घेतंय म्हणून राजीनामा दिलेला. त्या साली झालेल्या पाहणीत ही भरपाई अनावश्यक आहे म्हणणारे जर्मन ४४ टक्के होते आणि ती बिनशर्त हवी म्हणणारे ११ टक्के. १० सप्टेंबर १९५२ रोजी लक्झेंबर्गच्या नगरभवनात सकाळी सह्या झाल्या, भाषणांशिवाय. कोणी काय बोलला असता तरी त्याच्या घरी ते झेपलं नसतं. ३ अब्ज मार्क इस्रायलला, बहुतांशी मालाच्या रूपाने, आणि ४५ कोटी ज्यू संस्थांना. १८ मार्च १९५३ रोजी जर्मन संसदेने करार मंजूर केला: २३९ बाजूने, ३५ विरोधात, ८६ तटस्थ. आडेनाउअर यांच्या स्वतःच्या आघाडीतले कितीतरी तटस्थ राहिले. करार तरला तो विरोधी बाकांवरच्या समाजवाद्यांनी एकगठ्ठा मत दिलं म्हणून. विरोधकांनी सरकारला अडचणीत आणायची अशी सोन्यासारखी संधी सोडली, हे मला त्या सगळ्या प्रकरणात सर्वांत दुर्मीळ वाटतं.

हे उदाहरण अपवादात्मक आहे हे मला कळतं. गुन्हा असा होता की तिथे हिशेबाची भाषाच तोकडी पडत होती, जर्मनीला जगात पुन्हा पत मिळवायची होती, आणि युद्ध झालं तेव्हा इस्रायल हा देशच नव्हता. तरी आकडा आधी उघड सांगितला गेला, कशासाठी तेही सांगितलं गेलं, आणि शिव्या, दगड, अश्रुधूर जे काही खायचं ते सहीआधी खाऊन झालं. बेगिन १९७७ साली स्वतः पंतप्रधान झाले. हप्ते तोवर वसूल होऊन गेले होते, पण जर्मनीकडून छळछावणीतून वाचलेल्यांना जाणारी वैयक्तिक पेन्शन त्यांच्याही काळात चालू राहिली.

याउलट पोलंडने सप्टेंबर २०२२ मध्ये काय केलं ते पाहा: जर्मनीकडून ६.२ लाख कोटी झ्लॉटी मागणारा जाडजूड अहवाल, पुढच्या वर्षी होणारी निवडणूक, आणि बर्लिनचं ठरलेलं उत्तर की विषय संपलाय. त्या मागणीत न्याय नाही असं मी म्हणणार नाही. पण ती जर्मनीला उद्देशून होती का?

युक्रेनच्या बाबतीत आज हेच चाललंय, फक्त टेबल मोठं आहे. जागतिक बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये पुनर्बांधणीचा खर्च दहा वर्षांत ५२४ अब्ज डॉलर धरला. रशियाचे जे पैसे युरोपात गोठलेत त्यांतला बहुतेक भाग बेल्जियममध्ये, ब्रसेल्सच्या युरोक्लियर या रोखे सांभाळणाऱ्या संस्थेत पडून आहे. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांच्या तारणावर कर्ज द्यायचा बेत फसला तो मॉस्कोमुळे नव्हे. उद्या कोर्टात उलटलं तर आमच्या करदात्यांनी भरायचं का, असं बेल्जियमचे पंतप्रधान विचारत राहिले, आणि शेवटी युरोपने स्वतः ९० अब्ज युरो उसने काढून द्यायचं ठरवलं. त्यांचा प्रश्न रास्त होता. तो तीन वर्षं आधी, सगळ्या संसदांत, मोठ्याने विचारला गेला असता तर बरं झालं असतं.

एप्रिल २०२४पासून युक्रेनमधला माणूस फोनवरच्या ‘दिया’ या सरकारी ॲपमधून आपल्या पडलेल्या घराचा दावा हेगमधल्या युद्धनुकसानीच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत घालू शकतो. पत्ता, मालकीचा कागद, फोटो. अर्ज पोचल्याचं त्याला कळतं. त्याचे पैसे रशिया देणार, युरोप देणार, की ते मिळणारच नाहीत, हे कीव्हमध्ये, ब्रसेल्समध्ये किंवा मॉस्कोत त्याला किंवा करदात्याला तोंडावर सांगायला अजून कोणी उभं राहिलेलं नाही.